वेतन आणि कामाचे तास: दोन देशांची तुलना करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"तिकडे महिन्याला इतके मिळतात, मग तिकडचे लोक श्रीमंतच की!" अशा वाक्याने सुरू होणारे प्रश्न सतत येतात. बहुतेकांच्या मुळाशी एकच गफलत असते. पगार हा अंश आहे आणि तास हा छेद. दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता, हे नुसते अंश बघून सांगता येत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पगाराचा विषय निघाला की नेमकं तेच विसरतो. पुढची उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एक मुद्दा दुसऱ्यात शिरतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पगार कुठे जास्त आहे एवढं कळलं की झालं. तास कशाला मोजायचे?

समजा 'अ' देशात महिन्याला ३,००० मिळतात आणि 'ब' देशात २,८००. दोन्हीकडच्या पैशाची क्रयशक्ती सारखीच आहे, म्हणजे १०० मध्ये दोन्ही देशांत तेवढ्याच वस्तू येतात, असं धरू (तो भाग प्रश्न ४ मध्ये आहे). 'अ' मध्ये आठवड्याला ४० तास काम, वर्षाला १० भरपगारी रजा आणि ८ सार्वजनिक सुट्ट्या. 'ब' मध्ये ३५ तास, २५ रजा आणि ११ सुट्ट्या. पाच दिवसांच्या आठवड्याने वर्षाचे २६० दिवस होतात. 'अ' मधला माणूस त्यातले २४२ दिवस रोज ८ तास, म्हणजे १,९३६ तास राबतो. 'ब' मधला २२४ दिवस रोज ७ तास, म्हणजे १,५६८ तास.

आता भागाकार करा. 'अ' मध्ये तासाला १८.६० पडतात, 'ब' मध्ये २१.४३. महिन्याच्या आकड्यात जो देश ७ टक्क्यांनी मागे होता, तो तासाच्या आकड्यात १५ टक्क्यांनी पुढे गेला. शिवाय ३६८ तासांचा फरक म्हणजे आठ तासांचे ४६ दिवस, कामाचे नऊ आठवडे! एवढा वेळ कुणाच्या आयुष्यातून जातो आणि कुणाच्या हातात उरतो, हे पगाराच्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मात्र नुसता तासाचा दरही पुरेसा नाही. दर चांगला, पण आठवड्याला वीसच तास काम मिळतंय, अशाने घर चालत नाही. म्हणून मी नेहमी तीन आकडे शेजारी शेजारी मांडायला सांगतो: वर्षाचं उत्पन्न, वर्षाचे तास आणि तासाचा दर.

२. मासिक पगारावरून तासाचा दर कसा काढायचा? चार आठवड्यांनी भागतो, ते बरोबर ना?

चुकतं. महिना चार आठवड्यांचा नसतो, ५२ भागिले १२ म्हणजे ४.३३ आठवड्यांचा असतो. आठवड्याचे ४० तास असतील तर महिन्याचे १७३.३३ होतात, १६० नव्हे. चाराने भागलं की दर आठ टक्क्यांहून जास्त फुगतो. फ्रान्समधल्या पगारपत्रकावर १५१.६७ हा आकडा दिसतो, तो याच हिशेबाने आलेला: ३५ तास गुणिले ५२ भागिले १२. हे झाले पगार मिळतो ते तास. रजा वजा करून प्रत्यक्ष कामाचे तास हवे असतील तर प्रश्न १ प्रमाणे वर्षाचा हिशेब करावा लागतो.

हा भागाकार किती महत्त्वाचा आहे ते नेदरलँड्समध्ये दिसलं. तिथे २०२३ अखेरपर्यंत किमान वेतन महिन्यावर ठरलेलं होतं. कुठल्या उद्योगात पूर्ण आठवडा ३६ तासांचा, कुठे ३८, कुठे ४०. किमान वेतन मात्र सगळीकडे तेच. म्हणजे ४० तास काम करणाऱ्याला ३६ तासवाल्यापेक्षा तासाला १० टक्के कमी मिळत होते, तेही एकाच देशात आणि कायद्याला धरून. १ जानेवारी २०२४ पासून तिथे किमान वेतन तासावर ठरायला लागलं.

३. तुलना कुठल्या पगाराची करायची? ठरलेल्या, की हातात पडणाऱ्या?

पगाराचे तीन आकडे असतात. कामगाराच्या हातात पडतो तो, करारात लिहिलेला एकूण पगार, आणि मालकाला पडणारा पूर्ण खर्च, ज्यात तो स्वतः भरत असलेली सामाजिक विम्याची वर्गणीही येते. राहणीमानाची तुलना करायची असेल तर पहिला घ्या, उद्योगाच्या खर्चाची करायची असेल तर तिसरा. सगळे जण वापरतात तो मधला, आणि सर्वांत फसवा तोच. डेन्मार्कमध्ये मालकाची वर्गणी अगदी थोडी असते आणि बहुतेक भार कामगाराच्या प्राप्तिकरावर असतो. फ्रान्समध्ये मालकाची वर्गणी मोठी असते. त्यामुळे या दोन देशांचे करारातले पगार शेजारी ठेवले तर डेन्मार्कचा आकडा आपसूक मोठा दिसतो.

ओईसीडी, म्हणजे आर्थिक सहकार्य व विकास संघटना, दर वर्षी एक हिशेब काढते: सरासरी पगाराच्या अविवाहित, अपत्य नसलेल्या माणसासाठी मालकाने केलेल्या खर्चातला किती हिस्सा कर आणि वर्गण्यांत जातो? २०२३ साली बेल्जियममध्ये तो ५२.७ टक्के होता, जर्मनीत ४७.९, आणि सदस्य देशांची सरासरी ३४.८. 'अविवाहित' हा शब्द सोडू नका. जर्मनीत पती-पत्नीचं उत्पन्न एकत्र धरून कर लावता येतो, त्यामुळे त्याच पगारावर कुटुंबाच्या हातात वेगळी रक्कम पडते.

कापून गेलेला पैसा वाया गेला असं धरू नका. त्यातून आजारपणाचा खर्च आणि म्हातारपणाचं पेन्शन येणार असेल, तर दुसऱ्या देशात त्याच गोष्टी खिशातून विकत घ्याव्या लागतील. ती रक्कम तिकडच्या पगारातून वजा केल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

४. परकी चलनात रूपांतर करताना बाजारातला विनिमय दर घेतला तर काय बिघडतं?

विनिमय दर व्याजदरांवर, भांडवलाच्या येण्याजाण्यावर हलतो. कामगाराच्या भाजीपाल्याशी त्याचा थेट संबंध नसतो. जपानचं उदाहरण घ्या. २०२१ साली एक डॉलर सरासरी ११० येनच्या आसपास होता, २०२४ साली १५० च्या आसपास. महिन्याला ३ लाख येन मिळवणाऱ्याचा पगार डॉलरमध्ये आधी २,७२७ होता, नंतर २,००० झाला. पगारपत्रकावर एक येनही कमी झालेला नाही आणि कागदावर माणूस चतुर्थांशाहून जास्त गरीब झाला! आयात माल महागल्याने त्याला थोडी झळ लागली हे खरं, पण चतुर्थांश नक्कीच नाही.

म्हणून क्रयशक्ती समतेचा दर वापरतात: सारख्याच वस्तू-सेवांची टोपली दोन्ही देशांत कितीला पडते, त्यावरून काढलेला. जगभरच्या किमती गोळा करण्याचं हे काम जागतिक बँकेच्या पुढाकाराने चालतं. २०२१ सालच्या किमतींवरची फेरी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. या दरांचेही प्रकार आहेत. पगारासाठी घरगुती खर्चावर बेतलेला दर घ्या, सगळ्या राष्ट्रीय उत्पन्नावर बेतलेला नको, कारण त्यात यंत्रसामग्री आणि सरकारी बांधकामंही येतात. आणि हा दर अख्ख्या देशाची सरासरी असतो. राजधानीतलं घरभाडं त्याला ठाऊक नसतं.

५. मी परदेशात कमावून पैसे घरी पाठवणार आहे. मग कुठला दर धरू?

दोन्ही. जेवढं तिथे राहण्या-खाण्यावर जाईल तेवढ्याला क्रयशक्तीचा दर लावा, आणि जेवढं शिल्लक टाकून पाठवाल तेवढ्याला बाजारातला. स्वस्त देशात अर्धा पगार शिल्लक पडतो, पण तिथलं चलन कमजोर असतं. महागड्या देशात पाव पगारच शिल्लक पडतो, पण तो पाव भाग घरी पोचेपर्यंत मोठा होतो. कुठलं परवडेल हे तुम्ही किती पाठवणार यावर ठरतं, सरासरीच्या तक्त्यावर नाही. पाठवताना कापलं जाणारं शुल्कही हिशेबात घ्या.

६. सरासरी पगार घेऊ की मध्यक?

तुम्ही सामान्य कामगाराबद्दल बोलत असाल तर मध्यक. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीने उभं केलं तर बरोबर मधे येणाऱ्याचा पगार, तो मध्यक. थोड्यांचे पगार अफाट असले की सरासरी वर खेचली जाते. विषमता जास्त असलेल्या देशात हे खेचणंही जास्त असतं, त्यामुळे सरासरीने तुलना केली की असा देश आपोआप पुढे दिसतो.

७. जर्मनीत माणूस वर्षाला १,३४० तास काम करतो आणि मेक्सिकोत २,२००. जर्मन लोक इतकं कमी काम करतात?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. आकडे बरोबर आहेत: ओईसीडीच्या २०२३ च्या तक्त्यात जर्मनी १,३४० च्या आसपास, अमेरिका १,८०० च्या आसपास, मेक्सिको २,२०० च्या आसपास. त्यांचा अर्थ मात्र बहुतेक जण लावतात तो नाही.

एक तर रजा. जर्मनीत कायद्यानेच चार आठवडे भरपगारी रजा मिळते आणि कामगार करारांतून ती बऱ्याच ठिकाणी तीस दिवसांच्या जवळ जाते. आजारी पडलं तर सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो, म्हणून तापात सहसा कुणी कामावर जात नाही आणि ते तास आकड्यातून वजा होतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यात एका दिवसाचीही भरपगारी रजा बंधनकारक नाही. मेक्सिकोत पहिल्या वर्षानंतर सहाच दिवस रजा मिळायची. २०२३ पासून ती बारा झाली.

दुसरं कारण अर्धवेळ काम, आणि इथेच घसरायला होतं. हा आकडा पूर्णवेळ नोकरदाराचा नाही, काम करणाऱ्या सगळ्यांची सरासरी आहे. समजा एका गावात दहा पुरुष वर्षाला १,७०० तास काम करतात. सरासरी १,७००. पुढच्या वर्षी पाच स्त्रिया ९०० तासांच्या अर्धवेळ नोकऱ्या धरतात. सरासरी घसरून १,४३३ होते. कुणीही एक मिनिटही कमी काम केलेलं नाही. उलट गावात एकूण ४,५०० तासांचं काम वाढलं. ज्या देशात अशा स्त्रिया घराबाहेर कामच करत नाहीत, त्याची सरासरी उंच राहते आणि तो देश 'कष्टाळू' ठरतो. मला हे फार खटकतं. काम करू लागलेल्या बाईमुळे देश आळशी दिसावा, असल्या मोजणीवरून राष्ट्रांच्या स्वभावाचे निष्कर्ष काढू नयेत. एकूण तासांना काम करण्याच्या वयातल्या सर्व लोकसंख्येने भागलं तर चित्र पुष्कळ वेगळं दिसतं.

आणि खुद्द ओईसीडीच या तक्त्यासोबत सांगते की हे आकडे एका देशात काळाप्रमाणे काय बदललं हे पाहण्यासाठी आहेत. देशोदेशींची मोजायची पद्धत वेगळी असल्याने एकाच वर्षाचे आकडे समोरासमोर ठेवायला ते योग्य नाहीत.

८. ओईसीडीच्या सरासरी पगाराला तिच्याच सरासरी तासांनी भागलं तर तासाचा दर मिळेल ना?

नाही. हुशार वाचकही इथे फसतात. त्या तक्त्यातला सरासरी पगार 'पूर्णवेळ समतुल्य' असतो, म्हणजे सगळे जण पूर्णवेळ असते तर किती मिळाला असता असा वाढवून काढलेला. तासांचा आकडा मात्र अर्धवेळांसकट, स्वतःचा धंदा करणाऱ्यांसकट सगळ्यांचा. अंश एका माणसाचा आणि छेद दुसऱ्याचा.

पूर्णवेळ पगार ५०,००० धरा, पूर्णवेळ माणसाचे तास १,७०० आणि सगळ्यांची सरासरी १,४००. खरा दर २९.४ येतो, चुकीच्या भागाकाराने ३५.७. तब्बल २१ टक्के फुगवटा, आणि जिथे अर्धवेळ काम जास्त तिथे फुगवटाही जास्त. योग्य वाट अशी: राष्ट्रीय लेख्यांतून (देशाच्या एकूण उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबातून) सर्व नोकरदारांना मिळालेला एकूण मोबदला घ्या आणि त्याच नोकरदारांच्या एकूण तासांनी भागा.

९. फ्रान्समध्ये ३५ तासांपेक्षा जास्त काम बेकायदा आहे का?

नाही. २००० पासून मोठ्या आणि २००२ पासून लहान कंपन्यांना लागू झालेला तो आकडा ओव्हरटाइम कुठून सुरू होतो ते सांगतो. त्यापुढे काम करता येतं, फक्त त्याचे जादा पैसे द्यावे लागतात. कायद्यातला प्रत्येक आकडा वाचताना विचारा: ही पैसे वाढण्याची रेषा आहे, की ओलांडताच येणार नाही अशी भिंत? अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात आठवड्याला ४० तासांनंतर दीडपट दर आहे, पण प्रौढांसाठी कमाल मर्यादाच नाही. युरोपीय संघाच्या निर्देशात ओव्हरटाइम धरून सरासरी ४८ तासांची मर्यादा आहे. दक्षिण कोरियात आठवड्याची मर्यादा ५२ तासांची, म्हणजे ४० अधिक १२ जादा. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, १९१९ च्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरले होते. तेव्हा दोन देशांचे कायदे शेजारी ठेवाल, तर रेषेशेजारी रेषा ठेवा आणि भिंतीशेजारी भिंत.

१०. चहाची सुट्टी, जेवणाची सुट्टी, प्रवास, 'ऑन-कॉल' यातलं काय मोजतात?

कामगार संख्याशास्त्रज्ञांच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत यावर ठराव झाला. प्रत्यक्ष कामाच्या तासांत चहाची छोटी विश्रांती आणि यंत्र बंद पडल्याने बसून राहावं लागलेला वेळ धरतात. जेवणाची लांब सुट्टी, रजा आणि घर ते कामाची जागा हा प्रवास धरत नाहीत.

कायद्याचा हिशेब याहून वेगळा असू शकतो. युरोपीय न्यायालयाने २००३ साली ठरवलं की रुग्णालयात हजर राहून ड्यूटी करणारा डॉक्टर मधे झोपला तरी ते सगळे तास कामाचेच. २०१५ साली त्याच न्यायालयाने, ज्यांना कामाची ठरावीक जागा नाही अशा तंत्रज्ञांचा घरापासून पहिल्या ग्राहकापर्यंतचा प्रवासही कामात धरला. मात्र त्या तासांना पैसे किती द्यायचे, हा प्रश्न प्रत्येक देशाच्या कायद्यावर राहतो. म्हणजे तास वाढले तरी पगार वाढेलच असं नाही.

११. बिनपगारी ओव्हरटाइम आकड्यांत दिसतो का?

कुणाला विचारलं त्यावर अवलंबून. मालकाकडून माहिती घेतली तर त्याने पैसे दिलेले तासच येतात. घरी जाऊन कामगाराला विचारलं तर खरे तास येतात. जपानमध्ये दोन्ही पाहण्या होतात आणि त्यांच्यातल्या तफावतीवरून अभ्यासक बिनपगारी कामाचा अंदाज काढतात. या कामाला तिथे 'साबिसु झांग्यो' म्हणतात. एका देशाचा मालकाने दिलेला आकडा आणि दुसऱ्याचा घरोघर विचारलेला, अशी जोडी कधीच लावू नका.

१२. किमान वेतनाची तुलना तर सोपी असेल?

कायद्याने ठरलेलं किमान वेतन दोन्ही देशांत असेल तर बऱ्यापैकी. पण डेन्मार्क, स्वीडन, इटली यांच्याकडे ते नाहीच. उद्योगवार कामगार करारांतून दर ठरतात. तक्त्यात तिथे रिकामी चौकट दिसते म्हणून कामगार वाऱ्यावर आहेत असं समजू नका. उलट अमेरिकेचा संघीय दर जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबलेला आहे, पण अनेक राज्यांचे स्वतःचे दर त्याहून बरेच वर आहेत. जर्मनीने २०१५ साली ८.५० युरोपासून सुरुवात केली आणि २०२५ साली १२.८२ गाठले.

विनिमय दर टाळायचा असेल तर किमान वेतन त्याच देशाच्या मध्यक पगाराच्या किती टक्के आहे ते बघा. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशात मध्यकाच्या ६० टक्के हा मापदंड सुचवलेला आहे.

१३. तेरावा पगार, टिप, भत्ते यांचं काय करायचं?

मासिक आकडा विसरा, वर्षाची बेरीज करा. ऑस्ट्रियात करारांनुसार वर्षाला चौदा पगार मिळतात, स्पेनमध्ये कायद्यानेच दोन जादा हप्ते आहेत, नेदरलँड्समध्ये ८ टक्के सुट्टीभत्ता. प्रश्न १ मधल्या 'ब' देशात तेरावा पगार असता तर तासाचा दर २१.४३ वरून २३.२१ झाला असता.

ऑस्ट्रेलियात 'कॅज्युअल', म्हणजे कायम नेमणूक नसलेल्या, कामगाराचा दर २५ टक्के जास्त दिसतो, कारण त्याला भरपगारी रजा नाही. ती वाढ बक्षीस नाही, रजेची भरपाई आहे. कोरियात नेमकं उलटं: आठवड्याला ४० तास भरले की एका सुट्टीचे ८ तास धरून ४८ तासांचे पैसे मिळतात. म्हणून तिथे महिन्याचा पगार २०९ तासांवर मोजतात आणि जाहीर झालेला तासाचा दर प्रत्यक्ष कामाच्या तासाला २० टक्के जास्त पडतो. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराला संघीय कायद्याप्रमाणे मालकाने रोख द्यायचे किमान २.१३ डॉलर आहेत. टिप धरूनही ७.२५ भरत नसतील तर फरक मालकाने भरायचा असतो.

१४. एखाद्या देशात एका वर्षात पगार एकदम वाढलेले दिसतात. विश्वास ठेवावा का?

आधी व्याख्या बदलली का ते पाहा. लिथुएनियाने १ जानेवारी २०१९ ला मालकाच्या वर्गणीचा बहुतेक भाग कामगाराच्या नावावर टाकला आणि त्याची भरपाई म्हणून सगळे करारातले पगार १.२८९ ने गुणले. कागदावर २९ टक्के वाढ झाली, हातात पडणारी रक्कम जवळजवळ तीच राहिली. रोमानियाने २०१८ साली असंच केलं.

कधी माणसं बदलतात. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत २ कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या आणि त्याच महिन्यात तासाच्या सरासरी वेतनाने उडी मारली. ज्यांचं काम गेलं ते बहुतांशी कमी पगाराचे होते. ते मोजणीतून बाहेर पडले आणि सरासरी वर गेली. त्या 'वाढी'त केवढं दुःख दडलं होतं!

१५. पगारपत्रकच नसलेल्या कामगारांचं काय?

आयएलओच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगात काम करणाऱ्यांपैकी ६१ टक्के, म्हणजे २ अब्जांहून अधिक लोक, असंघटित रोजगारात होते. कंपन्यांच्या नोंदींवरून काढलेल्या पगारात ते येत नाहीत. असा देश घेतला असेल तर घरोघर केलेल्या श्रमशक्ती पाहणीचा आकडा शोधा. तो मिळत नसेल तर 'संघटित क्षेत्रापुरती तुलना' असं ठळक लिहा.

१६. शिक्षकांचे तास इतके कमी कसे?

बहुतेक वेळा तो वर्गात शिकवण्याचा वेळ असतो. तयारी, वह्या तपासणं, पालकांना भेटणं त्यात नसतं. दोन्ही देशांचे शिकवण्याचे तास घ्या, नाहीतर दोन्ही देशांचे एकूण कामाचे.

१७. मी जहाजावर आहे. माझा पगार कुठल्या देशाशी ताडून बघू?

जमिनीवरच्या कुणाशी ताडायचा असेल तर आधी पूर्ण वर्षावर पसरा. आठ महिने जहाजावर आणि चार महिने घरी बिनपगारी, असा करार असेल तर मासिक आकड्याला आठने गुणून बाराने भागा. मग तास. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे कामाची कमाल मर्यादा २४ तासांत १४ आणि सात दिवसांत ७२ तास आहे. रोज १० तास, सातही दिवस, म्हणजे आठवड्याला ७० तास, हे त्या मर्यादेत बसतं. आठ महिन्यांचे २४३ दिवस धरले तर २,४३० तास होतात. प्रश्न ७ मधल्या मेक्सिकोच्या वर्षभराच्या सरासरीपेक्षाही जास्त, तेही आठच महिन्यांत. तुमच्या वर्षाच्या एकूण पगाराला (मासिक आकडा गुणिले आठ) याच आकड्याने भागा.